संविधान उंबऱ्याशी का थांबतं? उच्च न्यायालयांचे तीन निकाल आणि घरातलं स्वातंत्र्य

नागरी स्वातंत्र्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मोर्चा, सभाबंदी, संपादकाची अटक, आणीबाणी. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला नागरिक. हे चित्र चूक नाही. पण देशातल्या निम्म्या नागरिकांच्या आयुष्यात स्वातंत्र्याचा प्रश्न रस्त्यावर यायच्या आधी घरात उभा राहतो. कोणासोबत राहायचं, नवऱ्याने दुसरी बायको आणली तर काय करायचं, नांदायला जायचं नसेल तर कोणी जबरदस्ती करू शकतं का? आज आपण हे प्रश्न घेणार आहोत, आणि तेही उच्च न्यायालयांच्या निकालांच्या अंगाने.

उच्च न्यायालयंच का? कारण आपण बातम्या वाचतो त्या दिल्लीच्या, पण कायदा बहुतेकांना भेटतो तो राज्यात. संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयाला असलेला अधिकार कलम ३२ खालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारापेक्षा रुंद आहे. सर्वोच्च न्यायालयात थेट जाता येतं ते मूलभूत हक्कांसाठी. उच्च न्यायालयात त्यासाठीही जाता येतं आणि इतर कायदेशीर हक्कांसाठीही. शिवाय परभणीच्या किंवा सांगलीच्या न्यायालयात बसलेल्या न्यायाधीशांवर आपल्या उच्च न्यायालयाचा निकाल बंधनकारक असतो. म्हणजे मुंबईत, नागपुरात किंवा छत्रपती संभाजीनगरात लिहिलेलं एक वाक्य तालुक्याच्या गावातल्या बाईच्या पोटगीपर्यंत पोचतं.

आमचं आजचं म्हणणं थोडक्यात असं. निकालाचे दोन भाग असतात. कोण जिंकलं हा एक, आणि का जिंकलं हा दुसरा. पहिला भाग त्या पक्षकारांपुरता असतो. दुसरा भाग पुढच्या सगळ्यांचा होतो. आणि कधीकधी असं घडतं की पहिला भाग चांगला असतो, सुधारणावादी असतो, पण दुसरा भाग पुढच्या तीन पिढ्यांच्या वाटेत धोंड होऊन बसतो. मुंबई उच्च न्यायालयाचा १९५१ चा एक निकाल नेमका असा आहे. पण त्याच्याकडे जाण्याआधी सहासष्ट वर्षं मागे जाऊ.

रखमाबाईंचा खटला

ही गोष्ट तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत असेल. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं. त्या नांदायला कधी गेल्याच नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिल्या, शिकल्या. १८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, की बायकोला माझ्या घरी पाठवा. कायद्याच्या भाषेत याला दांपत्य हक्कांची पुनःस्थापना म्हणतात. आपल्याकडे लोक सरळ नांदण्याचा दावा म्हणतात, आणि तो शब्द जास्त खरा आहे.

१८८५ साली न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचा मुद्दा ऐकण्यासारखा आहे. हा दावाच मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे, तो इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून आलाय. आणि जी कधी नांदलीच नाही तिच्या बाबतीत ‘पुनः’स्थापना कसली? १८८६ मध्ये अपिलात सरन्यायाधीश सार्जंट आणि न्या. बेली यांनी हा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा खाली पाठवला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी आदेश दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरतेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं.

त्या वेळी टिळकांच्या ‘केसरी’ने रखमाबाईंवर टीका केली. सूर असा, की सरकारी न्यायालयाने आमच्या धर्मात, आमच्या घरात ढवळाढवळ करू नये. आता यातली गंमत बघा. ज्याला धर्म म्हणून वाचवायचं चाललं होतं ते हत्यार विलायती होतं. खुद्द इंग्लंडने असा आदेश न पाळल्याबद्दलची कैद १८८४ मध्ये काढून टाकली होती. आणि ‘घरात ढवळाढवळ नको’ म्हणणारेच बाईला घरी आणण्यासाठी सरकारी न्यायालय, सरकारी बेलीफ आणि सरकारी तुरुंग मागत होते.

हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढच्या निकालाची समीक्षा आपण याच मुद्द्यावर करणार आहोत. घरातला कायदा हा नुसता घरातला कधीच नसतो. न्यायालय त्याचा अर्थ लावतं, आदेश काढतं, जप्ती करतं. तेव्हा त्यात राज्यसंस्था आलेलीच असते.

१९५१ : निकाल चांगला, कारण घातक

मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंसाठी द्विभार्याप्रतिबंधक कायदा केला. एक बायको असताना दुसरं लग्न करणं हा गुन्हा ठरला. संविधान आल्यावर या कायद्याला आव्हान मिळालं. आव्हानाचे मुद्दे दोन. एक, आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला पडतो. दोन, मुसलमान पुरुषाला एकाहून अधिक लग्नांची मुभा आणि आम्हाला शिक्षा, हा भेदभाव आहे. हा मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी खटला. २४ जुलै १९५१ रोजी सरन्यायाधीश एम. सी. छागला आणि न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला आणि कायदा टिकवला.

खंडपीठाचं म्हणणं असं, की धर्मश्रद्धा वेगळी आणि धर्माच्या नावाने चालणारा आचार वेगळा. आचारात समाजहितासाठी राज्य सुधारणा करू शकतं. आणि सुधारणा टप्प्याटप्प्याने करायची मुभा कायदेमंडळाला आहे, सगळ्या समाजांना एकाच दिवशी हात घातला पाहिजे असं नाही. इथपर्यंत सगळं ठीक. इथेच निकाल संपवला असता तरी कायदा टिकला असता, असं आम्हाला वाटतं.

पण खंडपीठ आणखी एक पाऊल पुढे गेलं. संविधानाचं कलम १३ सांगतं की संविधानापूर्वीचा जो कायदा मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तो तेवढ्यापुरता रद्द होतो. मग धर्मावर आधारलेला, कुठल्याही विधिमंडळाने न केलेला व्यक्तिगत कायदा या कलमाखाली येतो का? दोन्ही न्यायमूर्तींनी सांगितलं, नाही. म्हणजे विवाह, वारसा, दत्तक याबाबतचा जो भाग विधिमंडळाच्या कायद्यात उतरलेला नाही, तो समतेच्या हक्कावर घासून पाहताच येणार नाही.

कारणं काय दिली? संविधानकर्त्यांना ‘व्यक्तिगत कायदा’ हा शब्द माहीत होता, समवर्ती सूचीत तो आहे, पण कलम १३ मध्ये नाही. अर्थात तो मुद्दाम वगळला. आणि व्यक्तिगत कायदा आपोआप रद्द होणार असता तर अस्पृश्यता नष्ट करायला वेगळं कलम १७ कशाला लागलं असतं?

ही कारणं आम्हाला पटत नाहीत. कलम १३ मधली ‘कायदा’ या शब्दाची व्याख्या बंदिस्त यादी नाही. त्यात काय काय ‘समाविष्ट’ आहे ते सांगितलंय, आणि त्यात कायद्याचं बळ असलेल्या रूढी आणि प्रथा स्पष्ट लिहिल्यात. रूढी तपासता येते आणि जी त्याहून जास्त बळकट आहे ती धर्माधारित व्यवस्था तपासता येत नाही, हे उलटं झालं. कलम १७ चं म्हणाल तर ते फक्त सरकारला उद्देशून नाही. ते विहिरीवर आडवं येणाऱ्या माणसालाही लागू आहे. त्यासाठी ते वेगळं लिहावं लागलं. त्यावरून व्यक्तिगत कायद्याला सूट दिली असं कसं म्हणता येईल?

आणि सगळ्यात मोठं म्हणजे ‘विधिमंडळाने केला नाही म्हणून तो राज्याचा कायदा नाही’ हे गृहीतक. रखमाबाईंच्या खटल्यात आपण काय पाहिलं? हिंदू कायदा म्हणून न्यायालयांत जे चालायचं ते निम्मं न्यायालयांनीच घडवलं होतं. शास्त्राचा आधार नसलेला दावा हिंदू स्त्रीवर न्यायालयाने लादला होता. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने हिंदूंना त्यांचं शास्त्र आणि मुसलमानांना कुराणाचा कायदा लावायचा असं ठरवलं, तिथपासून या कायद्यांचा अर्थ सरकारी न्यायालयंच लावत आली. ज्याला सरकारचा शिक्का, सरकारचा हुकूम आणि सरकारची जप्ती, त्याला ‘राज्याचा नव्हे’ म्हणणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढून घेणं आहे.

हे दोघे न्यायमूर्ती सनातनी नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. छागला उदारमतवादी. गजेंद्रगडकर साताऱ्याचे, संस्कृत पंडितांच्या घराण्यातले, आणि सुधारणेच्या बाजूचे. त्यांना बहुधा असं वाटलं असेल की कौटुंबिक कायदा बदलायचं काम विधिमंडळाचं, ते न्यायालयांनी एका फटक्यात करू नये. त्या दिवसांत ही अपेक्षा अवाजवी नव्हती. पण काळ बघा. निकाल जुलै १९५१ चा. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला तो सप्टेंबर १९५१ मध्ये. न्यायालयाने ज्या दाराकडे बोट दाखवलं ते दार दोन महिन्यांत लागलेलं दिसलं. याच आंबेडकरांनी २ डिसेंबर १९४८ रोजी संविधानसभेत बजावलं होतं की आपल्याकडे धर्म जन्मापासून मरणापर्यंत सगळं व्यापून बसतो, आणि व्यक्तिगत कायदा असाच राखून ठेवला तर सामाजिक सुधारणेचं काम ठप्प होईल.

कागद असेल तर न्याय

या कारणाचं पुढे काय झालं? १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृष्णा सिंह खटल्यात तोच सूर लावला, की मूलभूत हक्कांचा भाग व्यक्तिगत कायद्याला स्पर्श करत नाही. १९९७ मध्ये अहमदाबादच्या महिला गटाच्या आणि इतर संघटनांच्या याचिकांनी हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती अशा तिन्ही व्यक्तिगत कायद्यांतल्या विषमतेला आव्हान दिलं, तेव्हा ‘हा विषय विधिमंडळाचा’ म्हणून याचिका फेटाळल्या गेल्या आणि त्यात नरसू अप्पांचा आधार होता. एका उच्च न्यायालयाचा निकाल दुसऱ्या राज्यावर बंधनकारक नसतो, सर्वोच्च न्यायालयावर तर नाहीच. तरी हा निकाल देशभर फिरला.

त्यातून एक विचित्र स्थिती तयार झाली. बाईवरचा अन्याय विधिमंडळाच्या कागदावर असेल तर तिला संविधान मिळतं. कागदावर नसेल तर नाही. तीन तलाकच्या २०१७ च्या निकालात बहुमतातल्या दोन न्यायमूर्तींनी वाट काढली ती अशीच. १९३७ चा शरीयत कायदा हा विधिमंडळाचा कायदा आहे, तोच तीन तलाक लागू करतो, म्हणून तो समतेच्या कसोटीवर तपासता येतो. नरसू अप्पांचा प्रश्न त्यांनी शिल्लक ठेवला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी स्त्रियांच्या बाजूने आदेश दिला. तिथे हाताशी मंदिरप्रवेशाचा १९५६ चा महाराष्ट्राचा कायदा होता. दुसऱ्याच दिवशी स्त्रियांना चौथऱ्यावर जाण्यापासून अडवलं गेलं, आणि ८ एप्रिलला गुढीपाडव्याच्या दिवशी देवस्थानाने मार्ग खुला केला. आदेश ते अंमल यांच्यातला तो आठवडाही विसरू नये.

कागद नसताना काय करता येतं, याचं चांगलं उदाहरणही आपल्याच उच्च न्यायालयाचं आहे. २००२ मध्ये औरंगाबाद खंडपीठात बसलेल्या पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात सांगितलं की मुस्लिम नवऱ्याने न्यायालयात नुसतं ‘मी तलाक दिलाय’ असं लिहून भागणार नाही. कारण काय, समेटाचा प्रयत्न झाला का, तलाक खरंच दिला का, हे सिद्ध करावं लागेल. पूर्णपीठाने हे मुस्लिम कायद्याच्या आतूनच काढलं. पोटगी टाळायला तलाकचा कागद पुढे करणाऱ्यांची त्यामुळे अडचण झाली. आम्हाला हा निकाल मोलाचा वाटतो. पण त्याचीही मर्यादा आहे. आतून अर्थ लावायला तिथे जागा होती. जिथे ती नाही तिथे बाईने काय करायचं?

१९८३ : दोन उच्च न्यायालयं, एकच कलम

आता तुम्ही म्हणाल, कागद असला की प्रश्न सुटला ना? नाही. नांदण्याचा दावा १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून दाखल झाला. म्हणजे विलायतेतून आलेलं ते हत्यार आता आपल्या संसदेच्या कागदावर आलं. आणि तरीही संविधान उंबऱ्याशी अडलं.

१ जुलै १९८३ रोजी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्या. पी. ए. चौधरी यांनी सरिता या अभिनेत्रीच्या खटल्यात कलम ९ घटनाबाह्य ठरवलं. नको असलेल्या सहवासाचा हुकूम म्हणजे शरीरावरचा ताबा काढून घेणं, हे त्यांचं पहिलं कारण. दुसरं कारण समतेचं. कलम स्त्री-पुरुष दोघांना सारखंच दिसतं, पण गर्भ राहिला तर आयुष्य कोणाचं बदलतं? कागदावरची समता प्रत्यक्षात कोणावर पडते ते त्यांनी पाहिलं. आमच्या मते हा आपल्या उच्च न्यायालयांनी लिहिलेल्या धाडसी निकालांपैकी एक आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने हरविंदर कौर खटल्यात नेमकं उलट सांगितलं. घरात संविधान आणणं म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडणं, अशी तिथली उपमा प्रसिद्ध आहे. उपमा चटकदार आहे, पण ती कोणाच्या बाजूने पाहते? काचा आधीच फुटलेल्या असतात, आणि त्या बाईच्या पायात रुतलेल्या असतात, हे त्या उपमेत दिसत नाही. ८ ऑगस्ट १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात दिल्लीची बाजू उचलली आणि आंध्रचा निकाल मोडीत काढला. तेरा महिन्यांचं आयुष्य.

आज कलम ९ चं काय होतं? आता तुरुंग नाही, मालमत्तेच्या जप्तीची तरतूद आहे. एक वर्ष हुकूम पाळला गेला नाही तर त्यावर घटस्फोट मागता येतो. पण खरा वापर पोटगीच्या लढाईत दिसतो. बायकोने पोटगी मागितली की नवरा नांदण्याचा दावा लावतो आणि म्हणतो, मी तर न्यायला तयार आहे, तीच येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झारखंडच्या एका प्रकरणात सांगितलं की नवऱ्याला असा हुकूमनामा मिळाला म्हणून बायकोची पोटगी आपोआप जात नाही. न येण्याला तिच्याकडे पुरेसं कारण आहे का ते पाहावं लागेल. चांगलं झालं. पण रखमाबाईंनंतर एकशे अडतीस वर्षांनी आपण इथवर आलोय.

एक आक्षेप

अशा व्याख्यानानंतर नेहमी एक प्रश्न येतो, आणि तो गंभीर आहे. सगळे व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीला खुले केले तर बहुसंख्याकांच्या हाती अल्पसंख्याकांना झोडपायचं साधन मिळणार नाही का?

भीती खोटी नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. सगळ्यांना एकाच साच्यात बसवणं वेगळं, आणि प्रत्येक साचा एकाच कसोटीला उतरवणं वेगळं. आम्ही दुसऱ्याबद्दल बोलतोय. त्या कसोटीत हिंदू बाईचं कलम ९ येतं, मुस्लिम बाईचा तलाक येतो, आणि उद्या कुठल्याही सरकारने समान नागरी कायदा केला तर तोही येतो. कसोटी हक्कांची असेल तर ती अल्पसंख्याकांमधल्या बाईचीही ढाल आहे. उलट कसोटीच नाकारली, तर सुधारणा कधी आणि कोणाची करायची हे सत्तेवरच्या पक्षाच्या सोयीवर राहतं. आज नेमकं तेच होतंय.

बदलाची चिन्हंही आहेत. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क मानला, आणि खासगीपण घराचं नसून व्यक्तीचं असतं हे त्यातून निघतं. चौधरींच्या मोडीत निघालेल्या कारणाला त्यामुळे पुन्हा धार आली. त्याच आधारावर २०१९ मध्ये कलम ९ ला सर्वोच्च न्यायालयात नव्याने आव्हान दिलं गेलं. २०१८ मध्ये शबरीमला निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी नरसू अप्पांच्या युक्तिवादावर सरळ टीका केली, तो पायाशीच कच्चा आहे असं म्हटलं. पण ते एका न्यायमूर्तींचं मत. आणि मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात वैवाहिक बलात्काराच्या प्रश्नावर दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. एकाने उंबरा ओलांडला, दुसरे अलीकडे थांबले.

म्हणून ही व्याख्यानं ऐकणाऱ्यांना आमची विनंती आहे. पुढच्या वेळी उच्च न्यायालयाचा एखादा निकाल ‘ऐतिहासिक’ म्हणून समोर आला, तर मथळ्यावर थांबू नका. निकालपत्रं आता न्यायालयांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. तीन गोष्टी बघा. न्यायालयाने कारण कोणतं दिलं, हक्काचं की नुसत्या कागदाचं? त्या कारणाने पुढच्या कोणाची वाट बंद होते का? आणि आदेश प्रत्यक्ष अमलात आला का, की स्थगितीत अडकला? १९५१ मध्ये लोकांनी पहिला प्रश्न विचारला नाही, कारण निकाल चांगला लागला होता. एकाहून अधिक लग्नं करणारा पुरुष हरला होता, सुधारणा जिंकली होती, आणि आनंदात कोणी कारणं वाचली नाहीत. त्याची किंमत १९९७ मध्ये न्यायालयातून रिकाम्या हाताने परतलेल्या स्त्रियांनी मोजली.

वेळ संपली आहे, इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.